मॅन्युएल तांडेल आणि ओ न देणारा डबा

भाईंदरजवळच्या उत्तन गावात मॅन्युएल तांडेलाला वाटेत थांबवून कुणी "जेवलास का?" असं विचारलं, तर तो आधी मागे वळून बघायचा. आपल्याला बोलण्यात गुंतवून मागून कुणी टोपली तर उचलत नाही ना, याची खात्री करायचा आणि मग म्हणायचा, "अजून न्हाय." पोट तुडुंब भरलेलं असलं तरी उत्तर हेच. खरं उत्तर फुकट द्यायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्याची बायको टेरेझा सांगायची की लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांनी "ही तुला पत्नी म्हणून मान्य आहे का?" असं विचारलं, तेव्हा या गृहस्थाने आधी "कोन इचारतंय?" असं विचारलं होतं. हे खरं की तिने रचलेलं, देव जाणे. पण गावाला ते पटायचं, यातच सगळं आलं.

तसा माणूस वाईट नव्हता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा पालीपासून चौकपर्यंतच्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. पाण्याचा रंग बघून तो वारा सांगायचा. म्हणजे सांगायचा नाहीच, मनात ठेवायचा.

संशयाला कारणही होतं. बापाकडून त्याला एक खूण मिळाली होती. भर दर्यात पाण्याखाली एक खडप होतं आणि त्या खडकापाशी थंडीच्या दिवसांत घोळ मासा गोळा व्हायचा. दर्यावर रस्ते नाहीत, पाट्या नाहीत. तिथे पोचायचं तर जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि बाजूच्या आणखी दोन दुसऱ्या रेषेत. त्या चार गोष्टी कोणत्या, हे मॅन्युएलला ठाऊक आणि त्याच्या मेलेल्या बापाला. खडप जवळ आलं की तो खलाशांना हुकूम सोडायचा, "तोंडं फिरवा!" सगळे मुकाट्याने जमिनीकडे पाठ करून बसायचे. त्यात त्याचा एकुलता एक मुलगा कॉन्रॅडसुद्धा असायचा. बाप मरायला टेकला की मुलाच्या कानात खूण सांगणार, त्याच्याआधी नाही, अशी त्या घराण्याची रीत होती.

किनाऱ्यावर परतल्यावर मात्र लोक विचारायचेच, "तांडेल, कुटं गेलेलाव?" दक्षिणेला गेला असला तर हा म्हणायचा, "उत्तरेला." होडी मासळीने वाकली असली तर म्हणायचा, "कायच न्हाय, दर्या मेलाय." आणि जेव्हा मासळीचा खरोखर पत्ता नसे, तेव्हा हाच हात वर करून ओरडायचा, "जा रे, जा! मासली उसलतेय!" असं करून त्याने अख्ख्या गावाला वर्षानुवर्षं चकवलं होतं. निदान त्याचा तसा समज होता.

आता दर्यावरचा एक कायदा सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या कायद्यातूनच झाला. तो कुठे लिहिलेला नाही. धुक्यात किंवा अंधारात एका होडीने हाक मारली, की ज्याला ती ऐकू गेली त्याने ओ द्यायची. हाक मारणारा सात जन्मांचा वैरी असला तरी द्यायची. ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे दर्यावर पाप. सदा खोटं बोलणारा मॅन्युएलसुद्धा हा कायदा कधी मोडत नसे. कितीतरी वेळा धुक्यात त्याने दिलेल्या 'ओ'च्या आधाराने होड्यांच्या मालकाची, राघो नाखव्याची, होडी घरी आली होती, आणि राघोशी तर त्याचं बापजाद्यांपासून वाकडं.

म्हणून मॅन्युएलच्या लेखी ऐकणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टीच नव्हत्या. ज्याला ऐकू येतं तो ओ देतो. लहानपणी बापाबरोबर तो भाईंदर स्टेशनला मासळी घेऊन गेला होता, तेव्हा तिथल्या तारेच्या खांबाला त्याने कान लावला होता. आत गुंगुंगुं असा आवाज चाललेला. बाप म्हणाला, "सायबाचं बोलनं चाललंय." पोराने विचारलं, "आपलं पन त्यातून सायबाकडं जातं काय?" बापाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "जात असंल." झालं. त्या दिवसापासून मॅन्युएल खांबाजवळ तोंड उघडेनासा झाला. गावात कुणाची तार आली की तो दार लावून घ्यायचा. सणाच्या दिवशी देवळाबाहेर कर्णा लावला, तर त्या कर्ण्याच्या तोंडासमोरून न जाता लांबून वळसा घालून मिसाला जायचा.

आणि अशा माणसाच्या घरात कॉन्रॅडने ट्रान्झिस्टर आणला.

साल असेल चौसष्टच्या आसपासचं. मासळीचा हंगाम बरा गेला होता, पोरगा मुंबईला गेला आणि चामड्याच्या पिशवीतला तो छोटा डबा खांद्याला लटकवून परत आला. अंगणात खाटेवर ठेवून त्याने चाक फिरवलं, आणि भर दुपारी कुणी बाई घरात नसताना बाईचा आवाज गायला लागला. टेरेझा हातातलं सूप टाकून बघत राहिली. लेक आयरिन, तिचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, ती तर नाचायलाच लागली. मॅन्युएल दारातच उभा होता. तो आत आला नाही.

"ही कुटं हाय?" त्याने विचारलं.

"मुंबईला, बाबा. रेडिओ स्टेशनात."

"आनि तिला आपन दिसतो?"

"दिसत न्हाय, बाबा. ऐकू पन जात न्हाय. हा नुसता ऐकतो. बोलत न्हाय."

मॅन्युएलने मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तो मासळीच्या दलालाकडे बघत असे. मग कॉन्रॅडने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. वर्षाकाठी पोस्टात जाऊन याचं लायसन घ्यावं लागतं, हे त्याने बापाला सांगितलं.

"ऐकायचं लायसन?" मॅन्युएल म्हणाला. "कान तर सगल्यांनाच हायेत. मग कानांचं लायसन का न्हाय? बोलतो हा डबा. बोलतो म्हनूनच सरकार लायसन घ्यायला लावतंय."

आता यावर पोराने काय बोलावं? सरकारच्या वतीने उत्तर द्यायला तो बिचारा थोडाच बसला होता.

पुढच्या वर्षी लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटवा, दिवे झाका, संशयित माणसं आणि यंत्रं दिसली तर पोलिसांना कळवा, असं सांगत पोलीस गावातून फिरले. मॅन्युएलला आणखी काय हवं होतं? तो किनाऱ्यावर बसून ज्याला त्याला सांगायचा की या डब्यातून दुश्मनाला उत्तनच्या होड्या मोजून मिळतात. गाव त्याच्या मासळीच्या गोष्टींवर काडीचा विश्वास ठेवत नसे. पण संशयाचं तसं नसतं. विश्वास न ठेवताही तो डोक्यात राहतो. आणखी दोघांनी रेडिओ घ्यायचं ठरवलं होतं, त्यांच्या बायकांनी ते मोडून काढलं. गावात मोठा रेडिओ म्हणाल तर पाद्रीबाबांचा, आणि हा एक कॉन्रॅडचा.

कॉन्रॅड तो होडीवर न्यायचा. डोलकाठीला अडकवायचा, गाणी ऐकायचा, मुंबईहून वाऱ्यापाण्याच्या बातम्या लागल्या की कान देऊन ऐकायचा. चाक फिरवलं की डबा कुई कुई शिट्ट्या मारायचा, आणि त्याच्या डोक्यातून एक चकचकीत काडी लांब होत जायची. मॅन्युएल सुकाणूवरून ती काडी बघायचा. ती नेहमी खडपाकडेच वळलेली असते, असं त्याला वाटायला लागलं.

आणि मग एका थंडीत खडपावर ट्रॉलर आले.

तो पहाटेच निघाला होता. चार गोष्टी जुळवून, खलाशांना तोंडं फिरवायला लावून पोचला, तर तिथे दोन इंजिनवाले ट्रॉलर तळ खरवडत चाललेले. बापाने दिलेली, आज्याने बापाला दिलेली जागा. घोळीचं एक पिल्लूही जाळ्यात आलं नाही. किनाऱ्याला लागल्यावर, सगळ्या गावासमोर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी त्याने मुलाला विचारलं, "काय दिलं तुला ट्रॉलरवाल्यांनी?"

कॉन्रॅडला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मला तर खूनच म्हाईत न्हाय. तुमी मला पन तोंड फिरवायला लावता."

"तू फिरवतोस. डबा न्हाय फिरवत."

पोरगा पंचविशीचा. होडीवर बापाच्या खालोखाल त्याचाच शब्द चालायचा. लोक हसत होते. त्याने खांद्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, बापाच्या पायाशी ठेवला आणि चालता झाला. तो गेला तो सरळ राघो नाखव्याकडे. राघोला त्याच्या दुसऱ्या होडीवर तांडेल हवाच होता. कॉन्रॅड त्याच्याच ओसरीवर राहायला लागला. रविवारी मिसाला दिसायचा, आईशी दोन शब्द बोलायचा, पण घराची पायरी काही चढला नाही.

मॅन्युएलने तो डबा गोधडीत गुंडाळून भाताच्या कणगीत पुरला. फोडून टाकावा असंही त्याच्या मनात आलं होतं, पण फोडताना तो काही बोलला तर? त्यापेक्षा भाताखाली गुदमरलेला बरा.

दोन पावसाळे गेले. या दोन वर्षांत टेरेझा नवऱ्याशी कामापुरती बोलायची. त्याचं मॅन्युएलला फारसं वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते वेगळ्याच गोष्टींनी. एकदा ती बोंबील निवडताना एक गाणं गुणगुणली. ते देवळातलं नव्हतं, लग्नातलं नव्हतं, कोळणींच्या तोंडचंही नव्हतं. मग हिला ते आलं कुठून? एकदा भाईंदरच्या बाजारात कसला तरी संप होणार हे तिला आदल्या दिवशी ठाऊक होतं. आयरिन तर भाईंदरला दिलेली. ती माहेरी आली की आईच्या हातात कागदाची पुडी द्यायची आणि मॅन्युएल दिसला की दोघी एकदम पाण्याच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. पाण्याला कधी भाव असतो? कणगीभोवती भाताचे दाणे सांडलेले दिसायचे. उंदीर असतील म्हणावं तर उंदीर कणगीचं झाकण नीट परत लावतात काय?

आपल्याच घरात शत्रूचं ठाणं बसलंय, याबद्दल त्याची खात्री पटत चालली. फक्त पुरावा हवा होता.

नोव्हेंबरातली एक सकाळ. आकाश धुतल्यासारखं निळं, वारा पडलेला. पाणी ओसरायला लागलं की होड्या निघणार म्हणून किनाऱ्यावर जाळी चढवण्याची गडबड उडालेली. आदल्या दिवशी मासळी भरपूर मिळालेली, त्यामुळे सगळे तोंडाला पाणी सुटल्यासारखे धावपळ करत होते. मॅन्युएल मात्र गुडघाभर पाण्यात उभा होता. वारा नसताना दक्षिणेकडून लांब लांब अंतराने जड लाट येत होती. पाणी तळापासून गढूळ झालं होतं. त्याने ओंजळीत घेऊन वास घेतला. आज आपली होडी न्यायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. दुसऱ्यांना त्याने काही सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

एवढ्या लवकर आपण घरी येऊ अशी टेरेझाची अपेक्षा नसणार, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने वहाणा काढून हातात घेतल्या आणि मागच्या वाडीतून, केळींच्या आडून घराकडे गेला.

खिडकीतून आवाज येत होता. पुरुषाचा.

तो दार ढकलून आत शिरला. टेरेझा कणगीपाशी जमिनीवर बसलेली, मांडीवर गोधडी, गोधडीत तो डबा, आणि त्यातला पुरुष शांतपणे सांगत होता की समुद्रात वादळ आलं आहे, ते किनाऱ्याकडे सरकतं आहे, मच्छीमारांनी आज समुद्रात जाऊ नये.

मॅन्युएल तयारीने आला होता, बायकोला काय काय बोलायचं ते सगळं वाटेत जुळवून आला होता. पण तो जागीच उभा राहिला. दर्या वाईट आहे हे त्याला एकट्याला कळलं होतं. त्याने ते कुणाला, अगदी कुणालाही सांगितलं नव्हतं. मग मुंबईतल्या त्या माणसाला कसं कळलं?

"तू सांगितलंस," तो टेरेझाला म्हणाला.

टेरेझा उठली. तिने रडून गोंधळ घातला नाही, घाबरलीही नाही. इतक्या वर्षांचं तिच्या पोटात साचलेलं होतं, ते एकदम बाहेर पडलं.

"मी सांगितलं? यात? तुमीच म्हनत होताव ना, हा डबा दर्यावर सगल्यांना सांगतो? मी खुली, येडी, मला ते खरं वाटलं! कॉन्रॅड दर्यात गेला की मी यात तोंड घालून हाका मारतंय. दोन वरसं मारतंय. कॉन्रॅड, घरी ये. कॉन्रॅड, बापाचं मनावर घेऊ नको. एक दिवस तरी त्याची ओ आली? मुंबई ऐकते म्हनता ना तुमी? मग मुंबईने तरी एकदा इचारलं का, बाय, का रडतंय? मी रडतंय आनि तिकडं गानी चाललीत! ज्याला ऐकू जातं तो ओ देतो. न्हाय जात याला ऐकू. हा बहिरा हाय, आनि तुमी..."



मॅन्युएल कणगीच्या कडेला टेकला. दर्यावरचा कायदा त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. रडणाऱ्या बाईच्या हाकेला ओ न देणारा तांडेल त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मुंबईत असे हरामखोर भरलेत असं म्हणावं, तरी दोन वर्षांत एकही भला माणूस नसावा? म्हणजे तिकडे खरोखरच काही जात नव्हतं. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. आणि त्याच्या पाठोपाठ त्याला दुसरं आठवलं.

"कॉन्रॅड निघालाय," तो म्हणाला. "राघोची होडी पान्यात हाय."

तो दाराकडे धावला. टेरेझाने त्याचा दंड पकडला.

"काय सांगनार?"

"जाऊ नका म्हनून सांगनार! दुसरं काय?"

"मग सगले जातील."

त्याला कळेना.

"तुमी 'जाऊ नका' म्हनलाव की गाव समजतं, मासली लागलीय आनि म्हाताऱ्याला एकट्याला पायजे. तुमी उत्तर म्हनलाव की होड्या दक्षिनेला जातात. सगल्या गावाला ठावं हाय. इतकी वरसं तुमच्या उलट वागूनच पोटं भरतात ती. खडपावर तुमच्या मागनं कोन कोन यायचं ते तुमी कदी वळून बघितलं न्हाय. एवढ्या होड्या एका जागी बघितल्या, म्हनून ट्रॉलर आले. डब्यानं न्हाय सांगितलं कुनाला. तुमी सांगितलंत."

गावभर सगळ्यांवर डोळा ठेवणाऱ्या माणसाला एवढं दिसलं नव्हतं. मागे पाहायची खोड असलेला माणूस, पण दर्यावर तो फक्त आपल्या त्या चार गोष्टींकडे बघत आला होता. मॅन्युएलला आपलं तोंड झाकून घ्यावंसं वाटलं. पण लाजायलाही वेळ नव्हता. पाद्रीबाबा वसईला गेलेले, नाहीतर त्यांनी घंटा वाजवून लोकांना थांबवलं असतं. आता होता तो एकटा मॅन्युएल, आणि त्याच्या शब्दाला गावात एकच किंमत होती, ती उलटी.

तो किनाऱ्यावर पोचला तेव्हा दोन होड्या तरंगत होत्या. राघोच्या होडीवर कॉन्रॅड सुकाणूशी उभा. म्हातारा राघो वाळूत बसून विडी ओढत होता. मॅन्युएलने श्वास घेतला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, हात वर करून, ओरडला.

"जा रे, जा! बघत काय बसलाव? घोल लागलीय घोल! दर्या तेलासारखा हाय!"

सगळे थांबले.

त्याने आयुष्यभर हे शेकडो वेळा केलं होतं, पण त्या दिवशीची गोष्ट वेगळी होती. आजवर एकच भीती होती, की आपलं खोटं पकडलं जाईल. आज त्याला भीती वाटत होती की कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवील. लवू नावाचा राघोचा एक खलाशी म्हणाला, "आज खरं बोलत असंल, नाखवा. काल मासली होतीच की." मॅन्युएल आणखी मोठ्याने ओरडला, आणि पटावं म्हणून आपल्या होडीवर जाळं टाकायला लागला.

राघो हसला. "याच्या तोंडून खरं? दर्या आटंल एक येल." मग त्याने दक्षिणेकडे बघितलं. लाट त्यालाही सकाळपासून दिसत होती, पण कालच्या मासळीने डोळ्यांवर झापड आली होती. "म्हातारा एवढा ढकलतोय म्हनजे आज कायतरी वाईट हाय. वर घ्या रे होड्या."

एकेक होडी वर ओढली जाऊ लागली. लोक मॅन्युएलकडे बघून टोमणे मारत होते. एकाने तर तोंडावर सांगितलं, "चाचा, आता नवीन कायतरी शोधा." तो शिव्या खात उभा होता आणि मनात देवाचे आभार मानत होता.

राघोची दुसरी होडी मात्र वर येईना. राघोने हाक मारली तेव्हा कॉन्रॅड म्हणाला, "थांबा, नाखवा." तो पाण्यात उतरला नाही. तिथूनच, बापाकडे बघत, म्हणाला, "बाबा, दोन वरसांनी तुमी माझ्या अंगावर शब्द टाकलाव. सगली हसतात. तुमी माझ्यासमोर 'जा' म्हनलाव, तर मी जातो. खोटं न्हाय समजनार मी." त्याने बांबू रोवून होडी ढकलली.

गावाने टाकलेला शब्द पोराने उचलला होता, आणि तो उचलायला नको होता. मॅन्युएल पाण्यात धावला. मोठ्याने खरं सांगितलं तर वर घेतलेल्या सगळ्या होड्या पुन्हा खाली येणार. कंबरेपर्यंत, छातीपर्यंत पाण्यात जाऊन त्याने होडीचा दोर पकडला. कॉन्रॅड वाकला. म्हाताऱ्याने त्याची मान धरून खाली ओढली आणि कानाशी तोंड नेलं. गावाला वाटलं, बापलेक आता एकमेकांना बुडवणार.

"रेडिओ बोलला, जाऊ नका," मॅन्युएल म्हणाला. "तुझा रेडिओ. खरं बोलतो तो. तू पन खरं बोलत होतास. मी गाढव."

कॉन्रॅड सरळ उभा राहिला आणि खलाशांना म्हणाला, "दोर टाका. वर घ्या."

दुपार कलली आणि वारा उठला. संध्याकाळपर्यंत माड जमिनीला टेकत होते, बोंबलाच्या काठ्या कुठच्या कुठे गेल्या, अर्ध्या गावाची कौलं उडाली. त्या दर्यात कुणी असतं तर परत आलं नसतं. दार आतून ओंडक्याने लावून घेऊन टेरेझाने नवऱ्याला आणि मुलाला एका पंगतीत भात वाढला. कणगीवर ट्रान्झिस्टर उघडाच बसला होता, आणि आयरिनने पुडीतून आणलेले सेल संपेपर्यंत त्याला कुणी बंद केलं नाही.

गावात मात्र ती गोष्ट वेगळीच सांगितली जाऊ लागली. "त्या खोटारड्याचं ऐकलं असतं तर मेलो असतो!" राघो तर प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. कॉन्रॅडला राग यायचा, तो खरं सांगायला निघायचा, पण बापाने त्याला शपथ घातली होती. "त्यांना खरं कळलं तर पुढच्या खेपेला मी ओरडू कसा?" आणि तो खरोखरच ओरडत राहिला. रोज बातम्या ऐकायचा, आणि इशारा असला की किनाऱ्यावर जाऊन हात वर करून "जा रे, जा!" करायचा. खडपावरची मासळी ट्रॉलरांनी संपवलीच होती, तेव्हा आता मासळीबद्दल खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. हळूहळू घरोघरी रेडिओ आले. मग लोक म्हणायचे, बघा, रेडिओ सांगतोय जाऊ नका आणि हा सांगतोय जा, म्हातारा मरेपर्यंत सुधारणार नाही.

पूर्ण सुधारला असंही नाही. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास देवळाच्या हॉलमध्ये टेलिव्हिजन आला तेव्हा सगळं गाव लोटलं. मॅन्युएलही गेला, पण खांबाआड बसला. ऐकू जात नाही हे एका डब्याचं सिद्ध झालं होतं. या दुसऱ्याला दिसत नाही, हे अजून कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं.

तो गेला त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, टेरेझालासुद्धा, आणि कॉन्रॅडला जवळ बोलावून खूण सांगितली. ट्रॉलर दुसरीकडे सरकले होते, खडप पुन्हा भरायला लागलं असेल, असं म्हणाला. दीपगृह कुठल्या माडाच्या डाव्या अंगाला दिसलं पाहिजे, देवळाचा क्रूस कुठल्या टेकडीच्या टोकावर यायला हवा, सगळं सांगितलं. मग डोळे मिटले आणि परत उघडले नाहीत.

बापाला माती दिल्यानंतरच्या आठवड्यात कॉन्रॅड होडी घेऊन निघाला. दीपगृह दिसू लागलं तेव्हा त्याच्याबरोबर आलेला लवू म्हणाला, "तांडेल, म्हाताऱ्यानं डावीकडं सांगितलं असंल तर उजवीकडं घे हां. आमी पन तेच करायचो."

कॉन्रॅडने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने खलाशांना तोंडं फिरवायला लावलं नाही. बापाने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच, त्याने दीपगृह माडाच्या डाव्या अंगाला आणलं, क्रूस टेकडीच्या टोकावर आणला आणि जाळं सोडलं.

खूण खरी होती.